ओळख नसलेल्या माणसाचं पत्र

हॅडलीबाई वकील होत्या आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची त्यांना सवय नव्हती. "तुमच्या गाइडचं पत्र आलं, विभागप्रमुखांचं आलं. ते तुमचेच लोक, ते चांगलंच लिहिणार," त्या फोनवर म्हणाल्या. "आता एक पत्र असं हवं, की लिहिणारा मोठा माणूस आहे, तुम्हाला नुसत्या कामावरून ओळखतो, बाकी तुमचा त्याचा काही संबंध नाही. सगळं या पत्रावर आहे." एको बायडूने यातला शब्द न् शब्द मनावर घेतला. तापाच्या गोळीबरोबरचं माहितीपत्रकही तो शेवटपर्यंत वाचणाऱ्यांतला होता.

चवळीला लागणाऱ्या किडीवर एकोने उमेदीची सगळी वर्षं खर्च केली होती. थोर संशोधकांना ग्रीन कार्डासाठी वेगळा दरवाजा आहे म्हणतात, पण आपण थोर आहोत हे तिथे दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. एकोचा व्हिसा उन्हाळ्यात संपत होता. अर्ज फेटाळला गेला तर बायकोची, आराबाची, इस्पितळातली नोकरी आणि लेकीची शाळा गुंडाळून इंडियानातून थेट घानातलं आक्रा गाठावं लागणार होतं. किडीच्या बाबतीत प्रोफेसर लार्टे यांच्या शब्दापलीकडे कुणी जात नसे. माणूस मूळचा घानाचाच, पण उभा जन्म ओहायोत गेलेला. एकोची त्यांच्याशी कधी गाठ पडली नव्हती. हॅडलीबाईंनी विचारलं आणि म्हाताऱ्याने पत्र द्यायचं कबूल केलं. एवढ्यात ओहायोतच, कोलंबसला परिषद निघाली आणि मुख्य भाषण नेमकं लार्ट्यांचं आलं.

"गेल्या गेल्या त्यांना भेट. तब्येत विचार, घरच्यांचं विचार," आराबाने बजावलं.

"नाही भेटायचं. ओळख झाली की पत्राची किंमत गेली."

"आपल्यातला वडीलधारा माणूस, आणि तू न बोलता पुढे जाणार? तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?"

"आईला ग्रीन कार्डाचे नियम माहीत नाहीत."

आराबा त्याची बॅग भरू लागली. नवऱ्याला मोठी पदवी असली की काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात, हे ती लग्नानंतर लगेच शिकली होती.

परिषदेच्या पहिल्याच सकाळी एको लिफ्टमध्ये शिरला आणि मागोमाग लार्टे शिरले. लिफ्टमध्ये दोघंच. लार्ट्यांनी घानाचा चेहरा बरोबर ओळखला आणि वाट पाहिली. धाकट्याने आधी बोलायचं, ही तिकडची रीत. एकोने गळ्यातला नावाचा बिल्ला उलटा केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी म्हाताऱ्यानेच विचारलं, "काय बाळ, बरं आहे ना?" पुढच्या मजल्यावर दार उघडताच एको बाहेर पडला आणि उरलेले मजले जिन्याने चढला. इतकी लाज त्याला नापास झाला होता तेव्हाही वाटली नव्हती.

दुपारी तो आपल्या संशोधनाच्या पोस्टरपाशी उभा होता, तर दुरून लार्टे एकेक पोस्टर वाचत त्याच्याच दिशेने येताना दिसले. शेजारी त्याचा घानाचाच मित्र सेनानू फुकटचे सामोसे खात होता. सेनानू संख्याशास्त्रातला. परिषदेशी त्याचा संबंध एवढाच, की गाडी त्याची होती.

"हा घाल गळ्यात," एकोने आपला बिल्ला काढून त्याच्या हातात कोंबला. "इथे उभा राहा. मी पाच मिनिटांत आलो."

"अरे, पण बोलू काय? मला चवळी फक्त खाता येते."

"काही बोलू नकोस."

काही न बोलणं सेनानूला जन्मात जमलं नव्हतं. शिवाय एकोच्या घरी त्याची या पोस्टरची तालीम ऐकून ऐकून त्याला सगळं पाठ झालेलं. एको खांबाआडून पाहत राहिला. म्हातारा हसला, मग खो खो हसला, मग सेनानूच्या खांद्यावर हात टाकून त्याला जेवायला घेऊन गेला.

"मी खोटं कुठे बोललो?" परतीच्या वाटेवर सेनानू म्हणाला. "त्यांनी बिल्ला वाचला, मी हसलो. मासा मात्र फक्कड होता."

पुढच्या आठवड्यात हॅडलीबाईंचा फोन आला. "पत्र आलंय. 'डॉक्टर बायडू यांच्याबरोबर मी जेवलो. असा गप्पिष्ट तरुण मी पाहिला नाही. तो मला मुलासारखा आहे.' तुम्ही भेटलात हे मला सांगितलं नाहीत."

एकोने सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टर बायडू," बाई म्हणाल्या, "परिषदेत सगळेच एकमेकांना भेटतात. एकत्र काम केलेलं नसावं, एवढंच माझं म्हणणं होतं. लपायला तुम्हाला कुणी सांगितलं? पण आता हे पत्र मला अर्जाला लावता येणार नाही, त्यातलं जेवण खोटं आहे. प्रोफेसर लार्टे शनिवारी मुलीकडे शिकागोला जाताना तुमच्या गावावरून जाणार आहेत. घरी बोलवा आणि काय ते खरं सांगा."

शनिवारी दार एकोनेच उघडलं. लार्ट्यांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू तर लिफ्टमधला."

"हो, प्रोफ."

"मग माझ्याबरोबर जेवला तो कोण?"

एकोने खाली मान घालून पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग म्हाताऱ्याने संगणक मागितला, एका बोटाने बराच वेळ टकटक केलं, छापून आलेल्या कागदावर सही ठोकली आणि तो एकोपुढे सरकवला.

'डॉक्टर बायडू यांची माझी मुळीच ओळख नाही,' त्यात लिहिलं होतं. 'एकदा आम्ही एका लिफ्टमध्ये होतो. त्यांनी माझी साधी विचारपूसही केली नाही. त्यांच्याविषयी चांगलं बोलावं असं मला काडीचंही कारण नाही. तरीही सांगतो, किडीवरचं त्यांचं काम या पिढीत पहिल्या दर्जाचं आहे.'

एकोने ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. हॅडलीबाईंना याहून चांगलं पत्र मिळणार नव्हतं, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"प्रोफ, तुमचे उपकार—"

"उपकार कसले? तुझी माझी ओळख कुठे आहे?"

तेवढ्यात आराबाने चवळीभात, तळलेली केळी आणि शितो नावाची तिखट चटणी आणून मांडली आणि पाहुण्यांना हात धुवायला पाणी दिलं. एको लगबगीने त्यांच्या शेजारची खुर्ची ओढू लागला.

"थांब," लार्टे म्हणाले. "आधी त्या सेनानूला फोन लाव. मला जेवायला ओळखीचा माणूस लागतो."

एकोने फोन लावला.