बाहेरून कुलूप

कचेरीची कौलं उतरवायला घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद राधाकृष्णला झाला. भिंगारच्या एका सरकारी कचेरीत तो टायपिस्ट होता आणि एकाहत्तर साल उजाडलं तरी त्याची रड एकच होती, "इथं गप्पांपुढं काम होत नाही. मशीन घरी द्या, दोन दिवसांचं काम एका दिवसात करून दाखवतो." गप्पा मारणाऱ्यांत त्याचाच पहिला नंबर असे, ही गोष्ट वेगळी. पण आता छप्परच नाही म्हटल्यावर हेडक्लार्क श्रीमंतरावांनी टाइपरायटर आणि वार्षिक अहवालाचे कागद खरोखरच त्याच्या हवाली केले.

"गुरुवारी मी स्वतः न्यायला येतो," ते म्हणाले. "जमलं, तर महिनाभर घरीच बसा. नाही जमलं, तर पुन्हा घराचं नाव काढायचं नाही."

राधाकृष्णनं टाइपरायटर सायकलला बांधून तान्ह्या पोरासारखा जपून घरी नेला. सोमवारी त्यानं वेळापत्रक केलं. काम निळ्या शाईत, विश्रांती लाल शाईत. ते इतकं सुबक झालं, की कौतुकानं बघता बघता दिवे लागले.

मंगळवारी चाळीला सुगावा लागला. माणूस घरी आहे म्हणजे रिकामा आहे, अशी चाळीची पक्की समजूत. शेजारच्या राहीबाई रॉकेलचा डबा घेऊनच आल्या.

"भाऊ, बसलेलेच हाय तर जरा लायनीत उभं ऱ्हाता का?"

मग कुणाची खाट ओढून दे, कुणाचा ट्रान्झिस्टर बघ. खुद्द बायकोनं, पुष्पावतीनं, दळणाचा डबा पुढं केला. खरं सांगायचं तर राधाकृष्णला यातलं एकही काम जड गेलं नाही. रॉकेलच्या लाइनीत तर गप्पा इतक्या रंगल्या, की नंबर आल्यावर त्याला वाईट वाटलं. पण बुधवारी संध्याकाळी टाइप झालेला कागद एकच निघाला, आणि गुरुवार तर उद्यावर आला होता.

"उद्या तू बहिणीकडं नगरला जा," तो बायकोला म्हणाला. "जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लाव. घरात कुणी नाही म्हटल्यावर कुणी येणार नाही."

"अहो, आन् बाहेर जायची येळ आली म्हंजी?"

"मनावर ताबा पाहिजे," राधाकृष्ण म्हणाला.

गुरुवारी पुष्पावतीनं कुलूप लावलं, "आमी नगरला चाललोय, ते म्होरं गेलेत" असं राहीबाईंना सांगितलं आणि ती किल्लीसकट नगरला गेली.

आत अगदी शांत होतं. एवढ्या शांततेत घाणेरड्या मशीनवर काम करणं बरं दिसेना, म्हणून राधाकृष्णनं टाचणीनं एकेक अक्षर कोरून साफ केलं. मग शेंगदाण्याचे लाडू संपवले. मग अर्धा कागद टाइप केला आणि नुसती पाठ टेकायला म्हणून आडवा झाला.

जाग आली ती बायकांच्या आवाजानं. घर बंद, ओट्याला सावली. राहीबाई चारचौघींना घेऊन तिथं गहू निवडायला बसल्या होत्या. आता मशीन वाजवावं तर खोटेपणा उघडा पडणार. तो दाराला कान लावून बसला. विषय त्याचाच होता.

"घरी बसून पगार खातोय बाई! मला तर वाटतं, दोघं शिनेमाला गेली."

तेवढ्यात सायकल थांबली आणि श्रीमंतरावांचा आवाज आला, "राधाकृष्ण कुठं गेले?"

"नगरला. शिनेमा बघाया," राहीबाई म्हणाल्या.

"सिनेमा?" श्रीमंतराव मटकन ओट्यावर बसले. "आणि उद्या साहेबांपुढं काय ठेवू? माझं नाक?"

राधाकृष्ण दारापासून उठला. गप्प राहिलं तर सिनेमा माथी येणार, बोललं तर कुलूप. निदान काम करताना तरी सापडावं, असा विचार करून तो मशीनवर बसला आणि दहा बोटांनी बडवायला लागला.

"आगं बया! आत कुनीतरी हाय!"

सुपं पालथी झाली. कुणी बत्ता आणला, कुणी केरसुणी. राधाकृष्णनं घाईघाईनं खिडकी उघडली.

"मी आहे, मी!"

"मंग कुलूप कुनी लावलं?" राहीबाईंनी विचारलं.

"बायकोनं."

सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"पुष्पाबाई तशी लई गरीब हाय," राहीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "भाऊ, काय केलं वं तुमी?"

"काही नाही केलं!" तो ओरडला, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

श्रीमंतराव खिडकीशी आले. "किती झालं? दाखवा."

राधाकृष्णनं कागद गजांतून बाहेर दिले. दीड पान अहवाल आणि त्याखाली चार ओळी नुसतं बडवलेलं. श्रीमंतरावांनी शेवटपर्यंत वाचलं. आता ते पेटणार म्हणून राधाकृष्णनं डोळे मिटले. पण ते गजाला नाक लावून हळूच म्हणाले, "कुलपानं काही फरक पडतो का हो? मीही काम घरीच नेलंय, पण आमच्या घरी मला पापड वाळवायला बसवलंय. माझ्या फायलीची गाठसुद्धा सुटलेली नाही."

पुष्पावती आली तेव्हा ओट्यावर जत्रा भरली होती. तिनं मान खाली घालून कुलूप काढलं. श्रीमंतराव चपला हातात घेऊन आत शिरले आणि वळून म्हणाले, "वहिनी, आता परत लावा."

मग श्रीमंतराव सांगत गेले आणि राधाकृष्ण टाइप करत गेला. पाठ टेकू म्हटलं तर ते टेकू देईनात, पाणी पिऊ म्हटलं तर "पान संपू द्या." कडुसं पडून दिवे लागायच्या आत अहवाल पुरा झाला.

"वा!" श्रीमंतराव खूश होऊन उठले. "तुमचं म्हणणं पटलं. महिनाभर घरूनच काम. साहेबांना मी सांगतो. उद्यापासून रोज दहाला मी डबा न घेताच येतो. वहिनींच्या हातचं खाऊ."

ते गेल्यावर पुष्पावतीनं परातीत पीठ घेतलं. "हे हेडक्लार्कसाहेब रोजच यायचे म्हंत्यात. उद्या भाकरी किती टाकू?"

"त्यांच्यापुरत्याच टाक," सायकलची हवा बघत राधाकृष्ण म्हणाला. "मी उद्या कचेरीत जाऊन बसतो. तिथं छप्पर नाही, पण हेडक्लार्कही नाही."