संडासासमोरचं मशीन

ऑपरेशननंतर कामावर परतलेल्या गणराजमुळे पहिल्याच आठवड्यात कारखान्यातली लाइन इतक्यांदा थांबली, की सुपरवायझर सुजितने त्याला मीटिंग रूममध्ये नेऊन पांढऱ्या फळ्यासमोर बसवलं. गणराजचं वय बत्तीस. मोठ्या आतड्याचा खालचा वीतभर तुकडा डॉक्टरांनी काढून टाकलेला. तेव्हापासून पोटातली कळ सांगून येत नव्हती, आणि संडास शॉप फ्लोअरच्या पार दुसऱ्या टोकाला.

चाकणच्या त्या कंपनीत काहीही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधायचं, असा नियम होता. मग ते मशीन असो, की माणूस.

“लाइन का थांबली?” सुजितने सुरुवात केली.

“मी संडासला गेलो, साहेब.”

“का?”

“आतडं कापलंय ना.”

“का कापलं?”

“कॅन्सर झालता.”

“हां. तो का झाला?”

“ते डॉक्टरलाबी ठाऊक न्हाई. पहिल्या डॉक्टरनं तर ‘एवढ्या तरण्या वयात कसला कॅन्सर’ म्हणून वर्षभर मूळव्याधीचं मलम दिलं.”

सुजितचा पेन थांबला. “चौथ्यालाच अडलो की राव! आणि ‘पुन्हा होऊ नये म्हणून उपाय’ या रकान्यात काय भरू?”

“सापडला तर मलाबी सांगा.”

गणराज चेष्टा करत नव्हता. केमो अजून चालू होती, तीही कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, आणि त्याच्या पुढचं घरात कुणी बोलत नसे. प्लांट हेड दिग्विजय साहेबांनी तर राजीनाम्याचा विषय काढलाही होता. “स्वतःहून दिलास तर निरोप समारंभ जोरात करू,” असं ते मायेने म्हणाले होते.

शेवटी तोड सुजितनेच काढली. माणूस संडासाकडे पळण्यापेक्षा मशीनच संडासाकडे न्यायचं. रविवारी क्रेन लावून गणराजचं ड्रिलिंग मशीन थेट संडासाच्या दारासमोर बसवण्यात आलं.

तिथून खरी पंचाईत सुरू झाली. संडास ही शॉपमधली एकमेव निवांत जागा. तंबाखू तिथे मळायची, बायकोचा रुसवा तिथून फोनवर काढायचा, मॅच तिथे बघायची. आता दारातच गणराज. कोण कधी आत गेला, हे त्याला न बघताही दिसायचं. त्यात त्याला स्वतःला कधी धाव घ्यावी लागेल याचा नेम नाही.

“बुद्धरत्न, निघ भावा!” आत बसलेल्या सोबत्यासाठी तो दारावर थापा मारायचा.

“अरे, शेवटची ओव्हर चाललीय!”

“माझीबी!”

महिनाभरात लोकांनी विनाकारण संडासला जाणं सोडलं. उत्पादन चढलं. गणराजला लोक ‘सीसीटीव्ही’ म्हणू लागले आणि चहाला बोलवेनासे झाले. रहाटणीच्या घरी त्याने बायकोला, रुपालीला, हे सांगितलं.

“नोकरी राहिली ना?” ती म्हणाली. “मग म्हणू द्या काय म्हणायचं ते.”

कंपनीच्या सुधारणा स्पर्धेत त्या मशीनला पहिलं बक्षीस मिळालं. सुजितला ट्रॉफी, गणराजला जेवणाचा डबा.

पुढे केमो संपली आणि स्कॅनचा रिपोर्ट स्वच्छ आला. आतडं हळूहळू सरावेल, धावपळ कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. गणराज पेढे घेऊन दिग्विजय साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

बातमी ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. “कमी होईल म्हणजे? अरे, तुझी पद्धत आपल्या बाकीच्या प्लांटमध्ये लावायचा हुकूम आलाय वरून.”

“लावा की साहेब. मशीन तर हलवायचंय.”

“मशीन ढीगभर आहेत. अशी दारावर थापा मारणारी माणसं कुठून आणू?” साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला. “तिकडे केमोला येत असतील ना तुझ्यासारखी पोरं? आतड्याचीच हवीत. तरुण. विमा पहिल्या दिवसापासून देऊ म्हणावं.”

केमोच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे, नोकरी सुटलेले चेहरे गणराजला एकेक करून आठवले. त्याने पेढ्यांचा बॉक्स साहेबांच्या आणखी जवळ सरकवला.

“जागा किती हायेत, साहेब?”