क्लॅरेन्सच्या गोळ्या

औषधांवरचे पैसे कसे वाचवायचे, हे आमच्या गावात कुणालाही विचारा, तो तुम्हाला माझ्याकडे पाठवील. मिनेसोटातल्या या गावातल्या निम्म्या लोकांना मी तिसरीत गुणाकार शिकवला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आईवडिलांना वजाबाकी शिकवते. दर बुधवारी, चर्चच्या तळघरात. गोळी विम्यातून केवढ्याला आणि सवलतीच्या कार्डावर केवढ्याला, दोन्ही भाव विचारायचे. लाजायचं नाही!

तर आमच्या क्लॅरेन्सच्या सांधेदुखीच्या गोळ्या महागल्या, तेव्हा मी थोडीच गप्प बसणार? क्लॅरेन्स म्हणजे आमचा कुत्रा. तीच गोळी माणसांच्या औषधाच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळते, असं जनावरांच्या डॉक्टरांनीच सांगितलं आणि चिठ्ठी दिली. शिवाय दुकानात मंगळवारी पासष्टीपुढच्यांना आणखी सूट.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "क्लॅरेन्स हॅगलंड. वय?"

"माणसाच्या हिशेबाने सत्याहत्तर," मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. तिने मान वर न करता सत्याहत्तर टाइप केलं आणि सूट दिली. मी शीळ घालत घरी आले.

आठवड्याने फोन आला. दुकानातला नवा फार्मासिस्ट ट्रॉय बोलत होता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची तो स्वतःहून चौकशी करतो म्हणे.

"क्लॅरेन्स गोळ्या वेळेवर घेतात ना?"

काय नम्र पोरगा, कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो! मी खूश झाले.

"कसला घेतोय! थुंकून टाकतो. मग मी जबडा धरते आणि बोटाने घशात ढकलते."

"फिरायला जातात का?"

"पट्टा बांधून नेते. मोकळा सोडला की शेजारणीच्या अंगावर उड्या मारतो."

"आणि... संडासला?"

"मागच्या अंगणात. बर्फ असला तरी तिथेच. घरात केलं तर मी ओरडते."

"आभारी आहे, मॅडम," ट्रॉय अगदी हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारात एक सरकारी बाई उभी, नाव जोडी. ही माझीच विद्यार्थिनी. आता वृद्धांच्या छळाच्या तक्रारी तपासते. तिचे डोळे पाणावलेले.

"बाई, तुम्ही? मला वाटलं, पत्ता चुकला असेल. म्हाताऱ्या माणसाला असं ठेवता? तक्रार खरी निघाली, तर आज त्यांना इथून हलवावं लागेल."

मला काही उमगायच्या आत माझा नवरा ऑर्विन आला. दाढी वाढलेली, डोक्यावर लोकरी टोपी, पायात वेगवेगळे मोजे. जोडीने त्याचा हात हातात घेतला.

"आजोबा, घाबरू नका. इथे तुम्हाला कोणी त्रास देतं का?"

पन्नास वर्षं हा माणूस जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. तो खुर्ची ओढून बसला.

"जेवणात मीठ नाही," तो म्हणाला. "फुटबॉल बघताना टीव्हीचा आवाज वाढवू देत नाही. सोफ्यावर मी झोपलो की उठवते. क्लॅरेन्स झोपला तर पांघरूण घालते."

जोडी लिहायची थांबली. "म्हणजे तुम्ही क्लॅरेन्स नाही?"

"मी? माझं नशीब तेवढं कुठलं! त्याला गोळी पीनट बटरमध्ये घालून मिळते. मला नुसत्या पाण्याबरोबर."

"थुंकल्यावर जबडा धरते, ते सांगायचं राहिलं," मी म्हणाले.

नेमका तेव्हा क्लॅरेन्स लंगडत आला, तिचे बूट हुंगले आणि शेपूट हलवू लागला. जोडीने त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, सत्याहत्तर?"

"अकरा गुणिले सात," मी म्हणाले. "तुला मीच शिकवलंय."

ती हसत हसत जमिनीवरच बसली. ट्रॉयला तिथूनच फोन केला. क्लॅरेन्सचं वय दुरुस्त झालं आणि मंगळवारची सूट गेली. निघताना म्हणाली, "ही तक्रार मिटली, बाई. पण ऑर्विनआजोबांची मी लिहून घेतलीये. पुढच्या महिन्यात येऊन बघणार."

तेव्हापासून आमच्या घरी दोघांच्याही गोळ्या पीनट बटरमध्ये घालून दिल्या जातात. ऑर्विन एका गोळीला तीन चमचे खातो. औषधांत वाचलेले सगळे पैसे पीनट बटरच्या बरण्यांवर जातात.

बुधवारच्या वर्गात हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.