उडवलं नाही, उडू दिलं

मोखाड्याच्या स्टँडवरून जव्हारची पहिली जीप लक्ष्मणकाकांनी बोनेटवर दोन थापा मारल्याशिवाय सुटत नाही. आधी ते तिच्याभोवती फेरी मारतात, चाकांचे नट पान्याने आवळतात, वाकून ऑईल गळतंय का बघतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण वाकताना गुडघ्याला हात लावणार नाहीत.

"बाबा, ही जीप हाय, विमान नाय!" ड्रायव्हर काळू रोज कुरकुरतो.

"म्हणून तर नीट बघायला लागतं. विमानात माणूस एकच असायचा. हिच्यात तू चौदा कोंबतोस."

काका हवाई दलात मेकॅनिक होते. एकाहत्तरच्या लढाईत धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी विमान दुरुस्त करून दिलं, त्याचं पदक मिळालं. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नटबोल्टांसोबत असतं. गावाला वाटतं, काका विमान चालवायचे. ते प्रत्येकाला सुधारतात, "उडवलं नाही. उडू दिलं."

आम्ही शेजारी. एकदा त्यांनी माझा कुकरही तपासून नापास केला. तो खरंच बिघडला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी पंचायत समितीत नोकरीला आहे. यंदा पंधरा ऑगस्टला काकांचा सत्कार मीच ठरवला. अकरा वाजले, साहेब आले, माईक सुरू झाला आणि काकांची खुर्ची रिकामी. मी तणतणत स्टँडवर गेले. काका इस्त्रीच्या शर्टावर पदक लावून बाकावर ताठ बसलेले.

"अहो काका, सगळे खोळंबलेत!"

"काळूची जीप दहाला परत यायला हवी होती. फोन लागत नाही."

"घाटात रेंज नसते. येईल ती. पाच मिनिटांचं काम आहे, चला."

"बाई, मी सोडलेली गाडी आहे. ती आल्याशिवाय जागा सोडायची नसते." मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "एकदा सोडली होती. एक विमान यायचं राहिलं होतं. तीन तास थांबलो. साहेब म्हणाले, जा, जेवून घे. मी गेलो. पोटभर जेवलो."

मी सभागृहात जाऊन शाल-श्रीफळ उचललं, साहेबांना काय सांगायचं ते सांगितलं आणि परत येऊन बाकावर बसले.

एक वाजला. माझ्या पिशवीत डबा होता.

"तुम्ही जेवून घ्या, बाई."

"भूक नाही," मी म्हटलं. सकाळपासून नुसत्या चहावर होते.

पावणेदोनला जीप आली. दोन पंक्चर, काळू चिखलाने माखलेला, माणसं धडधाकट. काकांनी जीपला फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काय बाबा, पास का नापास?" काळूने विचारलं.

"पोचलास, ते बस झालं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं. काय आहे डब्यात?"