आठवी नापास ट्रेनर

आमच्या गोडाऊनमध्ये नवीन मुलगी कामाला लागली की चांगुणामावशी आधी तिच्या हातात एक कच्चं अंडं ठेवतात. सोबत एक खोका, थोडा बबल रॅप, हातभर टेप. "घे. पॅक कर याला." मुलगी हसते, इकडेतिकडे बघते आणि कसंबसं अंडं बांधते. मग मावशी पदर खोचून स्टुलावर चढतात, हात डोक्याच्या वर नेतात आणि खोका सरळ खाली सोडून देतात.

अंडं फुटलं तर लादी मुलीनेच पुसायची आणि दुसऱ्या दिवशी अंडं स्वतःच्या घरून आणायचं. नाही फुटलं तर जेवणाच्या सुट्टीत ते उकडून तिलाच खायला मिळतं. भिवंडीजवळ अंजूरच्या रस्त्यावरच्या या गोडाऊनमधून काचेची भांडी देशभर जातात, आणि ती बांधायला शिकवण्याचं काम गेली कित्येक वर्षं मावशींकडे आहे.

मी इथे ट्रेनिंग ऑफिसर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे मॅनेजमेंटची डिग्री आणि नऊ सर्टिफिकेटं होती. मावशींनी ती ओळीने बघितली आणि माझ्या हातात अंडं दिलं. दहा मिनिटांनी ते माझ्या नव्या बुटांवर होतं.

"सर, तुझा अंडा नापास," मावशी म्हणाल्या.

'सर' आणि 'तू' एकाच वाक्यात कसं बसवावं, हे मावशींकडून शिकावं. मी त्यांचा साहेब, त्यामुळे 'सर'. मी वयाने त्यांच्या पोरासारखा, त्यामुळे 'तू'. खूश असल्या की नुसतं 'बाला'. मी त्यांना आजन्म 'अहो मावशी'.

मावशी खोका कानाला लावून हलवतात. आतून जरा जरी आवाज आला तरी, "यो बोलतोय. खोल परत." कापडाच्या लूमवरचं काम सोडून पॅकिंगला आलेल्या बिहारच्या मुलींसाठी याची हिंदी आवृत्तीही आहे. "खोका को हिलाव, कान को लगाव, बोलता हाय तो खोलो!" कुणी जास्त टेप गुंडाळला की लगेच, "अगो, नवरीला हलद लावतेस काय?" आणि कुणी अडलीच, तर एकच मंत्र. "डोक्याला नको इचारू, हाताना इचार."

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. आणि मग हेड ऑफिसचा मेल आला. यापुढे ट्रेनर किमान दहावी पास हवा. वर्षभरात दहावीचं प्रमाणपत्र सादर न केल्यास संबंधित व्यक्तीस पॅकिंगच्या लाइनवर परत पाठवण्यात यावे.

मावशी आठवी नापास. मी मेल वाचून दाखवला.

"म्हंजे मी शिकवाचा न्हाय?"

"तसा नियम आलाय, मावशी."

"खोक्याला काय ठाव, माझी आठवी राह्यलीय ती?"

मावशी हसत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी एकाही मुलीला रागे भरलं नाही. शिकवणं काढून घेतलं तर ही बाई निम्मी होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी दुसऱ्याच दिवशी मुक्त शाळेचा दहावीचा फॉर्म भरून आणला.

जेवणाच्या सुट्टीत आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला, स्लाइड लावली आणि त्रिकोणाच्या क्षेत्रफळावर वीस मिनिटं बोललो. मावशी डबा खात ऐकत होत्या.

"जाला?"

"झालं. कळलं का?"

"किती बोलतोस रे! माझ्या हातात काय दिलास?"

"हातात?"

"तुना शिकवाला कोनी शिकवला?"

मी अभिमानाने 'प्रभावी प्रशिक्षण कौशल्ये' या कोर्सचं नाव सांगितलं. तो ऑनलाइन केला होता, हेही बोलून गेलो.

"तरीच," मावशी म्हणाल्या आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा आणि कटर घेऊन बसलो. मावशींनी चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला, दोन तुकडे एकमेकांवर ठेवले आणि ओरडल्या, "अरे, यो तर निम्मा हाय!" त्रिकोण संपला. टक्केवारी आम्ही फुटलेल्या कपांवर केली. इंग्रजी खोक्यांवरूनच सुरू झालं. फ्रॅजाइल, हँडल विथ केअर, धिस साइड अप. हळूहळू सगळ्या मुली डबे घेऊन भोवती बसायला लागल्या आणि माझ्या चुका काढायला लागल्या. मावशींना दहावीचं किती कळलं ते देव जाणे, पण मला शिकवता यायला लागलं, एवढं खरं.

परीक्षेला मी त्यांना रिक्षाने भिवंडीतल्या शाळेत घेऊन गेलो. कडक इस्त्रीची साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. दारावरच्या बाईंनी अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक यो हाय," मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "थांबवा त्याला." आणि तरातरा आत गेल्या.

निकालाच्या दिवशी मी मोबाईल घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो. नंबर टाकताना मीच दोनदा चुकलो. पान उघडलं.

"मावशी, पास!"

"गनितात किती?"

"पस्तीस."

"बराबर पस्तीस?" मावशींचा चेहरा फुलला. "बघ, एक पन मार्क वाया न्हाय घालवला."

मुलींनी गलका केला. कुणी पेढे आणायला पळाली. मी फोन पुढे केला. "घ्या, आधी घरी कळवा."

मावशींनी फोन घेतला नाही.

"घरी कोन हाय, बाला?"

मला माहीतच नव्हतं. वर्षभर त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि एकदाही विचारलं नाही. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूलबाळ नाही, आईबाप कधीचेच गेलेले, भाऊही मी इथे येण्याआधीच गेलेला. मावशींनी हे सगळं साधेपणाने, टेबल पुसत पुसत सांगितलं.

मग जरा लाजल्यासारख्या झाल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदा बघितलं.

"तूच बोल ना."

"काय बोलू?"

"पोर पास जाली का आईबाप काय बोलतात?"

"शाबास, मावशी."

"मावशी न्हाय रे. मावशी समदीच बोलतात. नाव घे. नाव घेऊन बोलनारा कोनी राह्यलाच न्हाय."

आयुष्यात मी या बाईंना अगं-तुगं केलं नव्हतं. पण हात पुढे केला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"शाबास, चांगुणा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "अजून एकदा."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्याने, पार लोडिंगच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं.