बटण सरकविल्याची साद्यंत हकीकत

सासूबाईसाहेब यांणी रविवारी प्रातःकाळी चहाचे समयी पुसिले की, "एक बटण सरकवायला तुला अख्खा शनिवार कशाला लागला गं?" या सवालाचा जबाब एका वाक्यात देणे सूनबाईंस शक्य न जाहले, सबब सदरहू मोहिमेची हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे तिखटमीठ न लाविता, येथे नमूद केली असे. ऐकणाराने चित्त ठिकाणी ठेवून ऐकावे. संगणकाचा गंध नसल्यास फिकीर न करावी. सूनबाईंसही आरंभी नव्हता.

सूनबाई म्हणजे खाशा स्वबळाच्या शिलेदार. कोणा गुरूचे घरी पाणी भरले नाही की कोणा पाठशाळेची सनद मिळविली नाही. अकरा वर्षांमागे, मुलीच्या शाळेची दप्तरे भरता भरता, मुखपृष्ठ फाटलेल्या एका पुस्तकावरून वेबसाइट बांधण्याची विद्या हस्तगत केली, आणि मग कोपऱ्यावरील दंतवैद्यबाईंस त्यांच्या दवाखान्याचे एक निळे पान बांधून दिले. त्या पानाचे कोपऱ्यात एक हसरा दात काढिला, आणि तळाशी दोन बटणे बसविली: एक 'वेळ ठरवा' आणि दुसरे 'रद्द करा'. ही दोन बटणे इतकी खेटून बसविली की जणू एकाच बाकावरच्या दोन मैत्रिणी. त्या काळी लोक माउसाने नेम धरीत, म्हणोन निभावले. पुढे अवघी रयत आंगठ्याने फोन दाबू लागली, आणि अनर्थ ओढवला.

एका आठवड्यात नऊ रोग्यांनी आपलीच वेळ आपल्याच आंगठ्याने रद्द केली. त्यांत दोन वेळा खुद्द सासूबाईसाहेब होत्या. त्यांची उजवीकडील दाढ बंड करोन उठली होती, गाल सुजून दिवाणखान्याच्या उशीसारखा जाहला होता, तरी फोन करोन वेळ घ्यावी हे त्यांस मंजूर नव्हते. त्यांचे फर्मान निघाले ते येणेप्रमाणे: "फोन मी करणार नाही. पान आपल्या घरचं आहे. त्यावरूनच जाईन, नाहीतर दाढ घेऊन बसेन." हे ऐकोन सूनबाईंचा ऊर भरोन आला.

शुक्रवारी दंतवैद्यबाईंचा खलिता दाखल जाहला. मजकूर: "ताई, सोमवारपर्यंत बटणं लांब करा. नाही जमलं तर मी दुसरीकडून तयार पान घेते. राग मानू नका." सूनबाईंच्या अवघ्या दौलतीत हे एकच पान होते. ते गेल्यास शिलेदारी संपली, आणि वर सासूबाईंची दाढ जैसी तैसी. मग शनिवारी सकाळी नऊ वाजता, मुदपाकखान्यातील ओट्याशेजारचे मेजावर, मोहीम मुक्रर जाहली.

आता खरे सांगावयाचे तर काम आकडा बदलण्याचे होते. दोन बटणांमध्ये आठ ठिपक्यांचे अंतर, ते ऐंशी करावयाचे, बस. परंतु सूनबाईंस एक व्यसन होते, ते असे की, रोज सकाळी चहासमवेत तंत्रज्ञानाचे पाच अखबार वाचावयाचे, आणि जे वाचोन होणार नाही ते ब्राउझरात उघडे ठेवावयाचे. न वाचिलेला टॅब बंद करणे म्हणजे पाहुण्यास उपाशी परत धाडणे, ऐसा त्यांचा दंडक. तेणेकरून एकशे त्रेचाळीस टॅब खडे पहाऱ्यास उभे होते, आणि वरून पाहता प्रत्येक टॅब मुंगीएवढा दिसत होता.

त्या सकाळच्या अखबारात ठळक खबर होती की, पाने हाताने लिहिणारे आता मागे पडले, आणि 'तुफान' नामे नवे हत्यार आले असोन ते निमिषात पान बांधिते. गतवर्षी ऐसीच खबर 'लोहार' नामे हत्याराची आली होती, त्यापूर्वी 'भिंगरी'ची, आणि त्याहीपूर्वी आणिक एका हत्याराची. दर वेळी सूनबाईंनी धास्तीने जुन्या पानाची नक्कल करोन नव्या हत्याराने नवे पान बांधावयास घेतले होते, आणि दर वेळी नवा फोल्डर वसविला होता. त्यांची नावे अनुक्रमे: 'पान-नवे', 'पान-अगदी-नवे', आणि 'पान-शेवटचे'. आता चौथा वसविला, त्याचे नाव 'पान-शेवटचे-खरे'. मग तुफानास आवतण धाडिले.

तुफान उंबरठ्यावर येवोन अडले. म्हणो लागले की, लोहाराचे नवे व्हर्जन असल्याखेरीज आत येणार नाही. लोहार आणिला, तो म्हणे भिंगरी जुनी आहे. भिंगरी नवी केली, तो लोहार रुसला. वरातीत मानपानावरून व्याही रुसावे आणि नवरी तिष्ठत राहावी, ऐसा प्रकार जाहला. पडद्यावर एकेचाळीस एरर, सर्व लाल अक्षरी, उतरले. मग सूनबाईंनी इंटरनेटावरील जगभरच्या जाणत्यांचे चावडीवर दाद मागितली. तेथे नऊ महिन्यांपूर्वी कोणी एकाने लोहार-भिंगरीच्या याच तंट्याचा सवाल पुसिला होता, आणि खाली त्यानेच लिहिले होते, "जमलं, धन्यवाद." कैसे जमले ते न सांगता तो इसम इतिहासातून नाहीसा जाहला. सूनबाईंनी त्यास जे आशीर्वाद दिले ते येथे नमूद करीत नाही.

दोन प्रहरी घरधनी मोर्च्याची पाहणी करण्यास आले आणि पाठीवर हात ठेवून त्यांणी मसलत दिली की, "बंद करून परत चालू करून बघ ना." सूनबाईंनी लाल अक्षरांचा पडदा त्यांजकडे फिरविला. त्यावर घरधनी यांणी "मी आपलं सुचवलं" म्हणोन सन्मानपूर्वक माघार घेतली आणि भाजी निवडावयास बसले, ही त्या दिवशीची एकमेव बिनचूक चाल.

चार वाजता तुफान शरण आले. सूनबाईंच्या पडद्यावर बटणे दूर सरली. सूनबाईंनी विजयी मुद्रेने आज्ञा केली की, "आई, आता दाबा." सासूबाईंनी चष्मा पुसोन, फोन हाती धरोन, आंगठा टेकविला. वेळ रद्द जाहली. तिसऱ्यांदा.

मग जो संग्राम माजला त्याचे वर्णन करिता लेखणी थकते. सूनबाईंनी अंतर ऐंशीचे दोनशे केले, दोनशेचे पाचशे केले, तो त्यांच्या पडद्यावर 'रद्द करा' हे बटण भिंतीबाहेर निघोन गेले आणि पुन्हा दिसले नाही. परंतु सासूबाईंच्या फोनात दोघी मैत्रिणी तैशाच खेटून बसल्या होत्या. सूनबाई बोलल्या, "फोन जुना झालाय तुमचा." सासूबाई गाल धरोन बोलल्या, "जुना आहे, आंधळा नाही. मला सगळं स्वच्छ दिसतंय. दोन्ही बटणं चिकटलेली, आणि कोपऱ्यात तो तुझा दात हसतोय."

"कुठला दात?"

"आता दात किती आहेत त्यावर? एकच आहे, हसरा. तूच काढलेला."

सूनबाईंनी सासूबाईंच्या हातून फोन घेवोन डोळ्यांशी धरिला. कारण हसरा दात जुनाट दिसतो म्हणोन त्यांणी तो 'पान-नवे' बांधितानाच काढोन टाकिला होता, आणि पुढील एकाही पानात तो नव्हता. मग हळूहळू उजेड पडला तो ऐसा: घरी बांधिलेले पान जगास दिसावे तर ते दवाखान्याच्या इंटरनेटावरील पत्त्यावर धाडावे लागते. सूनबाईंनी चार पाने बांधिली, परंतु पहिली तीन पुरी न जाहल्याने धाडिली नव्हती, आणि चौथे धाडावयाचे लढाईच्या धामधुमीत राहोनच गेले. घरात चार वेळा राज्यक्रांती जाहली आणि रयतेस पत्ता नाही. अकरा वर्षे गादीवर तेच निळे पान, तोच दात. आणि आज दिवसभर सूनबाई ज्या किल्ल्यास वेढा घालून बसल्या होत्या तो त्यांच्याच मेजावर होता आणि त्यात चिटपाखरू राहात नव्हते.

सूनबाई हसल्या, मग डोळे पुसले, मग तळाचा फोल्डर उघडिला, ज्याचे नाव नुसते 'पान'. आत त्यांच्याच हातची जुनी टीप निघाली: "इथे हात लावू नये. का चालतंय माहीत नाही, पण चालतंय." त्या अकरा वर्षांपूर्वीच्या बाईस मनोमन मुजरा करोन सूनबाईंनी आठाच्या पुढे एक शून्य लिहिले आणि पान धाडिले. या कामी अर्धे मिनिट लागले.

सासूबाईंनी चौथ्यांदा आंगठा टेकविला. फोनावर अक्षरे उमटली: मंगळवार, सकाळी अकरा. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली, मग शेजारणीस भिंतीपलीकडून वाचोन दाखविली, आणि मग गाल दुखतो हे आठवोन आडव्या जाहल्या.

सोमवारी दंतवैद्यबाईंचा जबाब आला: "आता मस्त. पान राहू दे तुमच्याकडेच. आणि तो दात काढू नका हं, लहान मुलं त्याला बघून रडायची थांबतात." त्याच सकाळच्या अखबारात खबर होती की, तुफान हे आता कालबाह्य जाहले. सूनबाईंनी ती चहासमवेत वाचली, आणि आयुष्यात प्रथमच एक टॅब पुरता न वाचता मिटिला. एकशे बेचाळीस उरले. त्यांचा विचार सवडीने होईल.

मंगळवारी दंतवैद्यबाईंच्या दालनात सासूबाईंनी, तोंड बधिर होईपर्यंत, तेथे बसलेल्या प्रत्येकास सांगितले की, "पान आमच्या सुनेनं केलंय, हातानं." बधिर जाहल्यावरही सांगत होत्या, परंतु ते कोणास कळले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले: एक शनिवार, चहाचे सात पेले, आणि उजवीकडील दाढ एक. कमाविले: एक शून्य. पान कायम, दात हसरा. इति.