निळ्या स्क्रीनला नारळ

आमच्या घरचा कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा स्क्रीनवर जो निळा रंग येतो, तो समुद्र आहे. आम्ही सांगोल्यात राहतो. इथून समुद्र कितीतरी डोंगर ओलांडून पलीकडे आहे, आणि इथे नळालाही रोज पाणी येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पण स्क्रीनला हात लावला तर तो मनगटापर्यंत आत जातो आणि बाहेर काढून चाटला तर खारट लागतो. त्याला मी काय करणार?

सुरुवातीला हे कधीमधी व्हायचं. पांढऱ्या अक्षरांत सूचना यायची: ‘आपल्या संगणकात अडचण आली आहे. कृपया किनाऱ्यावर थांबा.’ आम्ही खुर्च्या मागे घ्यायचो. थोड्या वेळाने पाणी ओसरायचं, कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा आणि कीबोर्डवर वाळू राहायची. श्रावण लागला तसं हे रोजचंच झालं. शेवटी मी हेल्पलाइनला फोन लावला.

“पाणी खारट आहे का सर?” तिकडच्या बाईंनी विचारलं.

“खारट आहे.”

“मग हार्डवेअर ठीक आहे. अँटीव्हायरस चालवून बघा.”

चालवला. त्याला एक बांगडा सापडला. त्याने तो वेगळा काढून ठेवला आणि बाकी सर्व सुरक्षित असल्याचं कळवलं.

खरी अडचण माझी नव्हती, माझ्या बायकोची होती. दर्शना अलिबागकडच्या कोळीवाड्यातली. शिक्षिकेची नोकरी लागून इकडे आली आणि माझ्याशी लग्न करून इथलीच झाली. तिचे बाबा काही वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. होडीही सापडली नाही. त्या दिवशी त्यांनी समुद्रातून तिला मोबाइलवर एक निरोप पाठवला होता: “बाय, दर्या खवळलाय आज. बंदराला लागलो का फोन करतो.” तो फोन काही आला नाही. पुढे दर्शनाचा मोबाइल बिघडला, पण निरोप तेवढा आधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता. बाबांचा आवाज आता त्या एका फाइलीतच शिल्लक होता. दर रविवारी सकाळी ती तो ऐकायची. आता फाइल उघडायला गेलं की निळं पाणी यायचं आणि त्यावर अक्षरं: ‘ही फाइल समुद्रात आहे. नंतर प्रयत्न करा.’

स्टँडसमोर मुलाणींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते घरी आले, सीपीयूचं झाकण काढलं, आतले शिंपले बाजूला केले, रॅम काढून खोडरबरने घासली आणि परत बसवली. गावातला कुठलाही कॉम्प्युटर बिघडला की ते हेच करतात, आणि बहुतेक वेळा तो चालतोही. आमचा चालू झाला, आणि एक लाट येऊन मुलाणींचा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेली.

“सर, फॉरमॅट मारावं लागतंय,” ओली बाही पिळत ते म्हणाले. “सगळं कोरडं हुईल.”

“आणि फाइल?” दर्शनाने विचारलं.

“फाइलबी जाणार, ताई.”

मग मी माझं निरीक्षण त्यांना सांगितलं. कॉम्प्युटर बंद पडायची वेळ रोज थोडी पुढे सरकत होती. ती भरती होती. इतकी वर्षं मी फळ्यावर चंद्र काढून, पृथ्वी काढून, बाण मारून भरती शिकवली आणि तास संपला की डस्टरने पुसून टाकली. आता तीच रोज माझ्या टेबलावर येत होती आणि तिची वेळ कधी चुकत नव्हती. खरं सांगतो, ती आली की मी खुर्चीवरून उठून उभा राहायचो.

“मग पुनवंच्या आतच मारू,” मुलाणी म्हणाले. “पुनवंला उधाण आलं तर हार्डडिस्कच जळंल. मग कायच हाती लागायचं न्हाई.”

“पुनवेपर्यंत थांबायचं,” दर्शना म्हणाली. “त्याला नारळ दिलेला नाही. दरवर्षी आमच्याकडे नारळ देऊन दर्या शांत करतात. बाबा गेल्यापासून मी रागाने दिलाच नाही. तो खवळणार नाही तर काय करेल?”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण स्क्रीनमध्ये समुद्र आहे हे एकदा मान्य केल्यावर नारळ नाकारायला मला मुद्दा सापडेना.

“आमच्या कोर्समधी हे नव्हतं,” मुलाणी विचार करून म्हणाले. “पण करून बघायला हरकत न्हाई. बॅकअप हाय का?”

“नाही.”

“मग जरा जपून.”

नारळी पौर्णिमेला दुपारी भरती आली. दर्शना माहेरच्या पद्धतीने लुगडं नेसली होती. नारळाला तिने सोनेरी कागद गुंडाळला होता. इतकं निळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लाटा टेबलावरून फरशीवर उतरल्या, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं आणि त्या गर्जनेत कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येईना. स्क्रीनवर अक्षरं आली: ‘उधाण. जतन न केलेलं सर्व जाईल.’ मुलाणींनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला.

दर्शनाने लाटेला हळदकुंकू वाहिलं. “रागवू नको रं,” ती ओरडून म्हणाली. “मी पन राग सोडला. नारल घे.” आणि तिने नारळ आत सोडला.

नारळ खरं तर तरंगतो. हा तरंगला नाही. खालून कुणीतरी हातात धरून नेल्यासारखा सरळ उतरत गेला. तो सोनेरी ठिपका कितीतरी वेळ दिसत होता. तेवढ्याशा स्क्रीनमध्ये किती खोली असते ते मी त्या दिवशी पाहिलं. मी स्वतःला फार लहान वाटलो, आणि त्याचं बरंही वाटलं.

मग आवाज थांबला. पाणी ओसरलं, कॉम्प्युटर चालू झाला. दर्शनाने फाइल उघडली.

त्या निरोपात नेहमी आधी वारा घोंगावायचा. या वेळी वारा नव्हता. लांबून माणसांचं बोलणं येत होतं, कुणीतरी हसत होतं.

“बाय,” बाबा म्हणाले, “लागलो गो बंदराला.”

“फाइल दुरुस्त झाली म्हणायची,” मुलाणी हळू आवाजात म्हणाले.

दर्शनाने ती पुन्हा लावली नाही. फोन ठेवताना म्हणतात तसं ती नुसतं “बरं” म्हणाली, पदराने डोळे पुसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला.